पदराच्या गाठीतल्या गोळ्या

न्हावरे गावच्या नकुशीच्या पदराला कायम एक गाठ असायची आणि गाठीत डोकेदुखीच्या गोळ्या. सकाळी म्हशींच्या धारा काढण्याआधी एक, कांदा निवडायला बसताना एक, उन्हातून घरी आलं की आणखी एक. किराणा दुकानात बिस्किटांच्या पुड्यांशेजारी मिळणाऱ्या त्या गोळीला कुणी औषध म्हणतच नव्हतं. "डोक्याची दे" म्हटलं की दुकानदार पट्टी कापून हातावर ठेवायचा.

आधी महिन्यातून दोनदा दुखायचं. दहा वर्षांत ते रोजचं झालं. गोळी घेतली की दोन तास बरं, मग पुन्हा कपाळाला दोर आवळल्यासारखं.

यंदा श्रावणात धार काढता काढता ती म्हशीच्या पायाशीच कोसळली. नवऱ्यानं, गेणबानं, तिला शिरूरच्या दवाखान्यात नेलं. अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं. गोळ्यांनी पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. शौचाला काळं होत होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, आता तुमचं डोकं गोळ्यांमुळंच दुखतंय. एकीचा अंमल उतरला की ते दुसरी मागतं. सगळ्या बंद करा. आधी दुखणं वाढेल. दोन आठवडे, कदाचित जास्तही. मी दुसरं औषध देतो, पण त्याला वेळ लागेल."

नकुशीला गोळी द्यायची नाही, असं गेणबानं गावातल्या सगळ्या दुकानांत सांगून ठेवलं. तिसऱ्या दिवशी नकुशी भिंतीवर कपाळ आपटू लागली. पाणीसुद्धा पोटात ठरेना. दाराच्या फटीतला उजेड डोळ्यांत खुपायचा. सून धनश्री ओली पट्टी बदलायला वाकली, तर नकुशीनं तिचे पायच धरले.

"एकच दे गं. तुझ्या पाया पडते."

"आत्या, आसं नका करू वो!" धनश्री रडत खाली बसली, पण गोळी दिली नाही.

सहाव्या दिवशी सगळी रानात गेलेली पाहून नकुशी भिंतीला धरून उठली आणि एसटीनं मांडवगण फराट्याला गेली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. पट्टी घेतली, चहाच्या टपरीवर पाणी मागितलं आणि दोन गोळ्या एकदम गिळल्या. अर्ध्या तासात कपाळ मोकळं झालं. तशी ती स्टँडच्या बाकड्यावर तोंडात पदर कोंबून रडली. सहा दिवस मातीत गेले होते.

घरी आल्यावर उरलेली पट्टी तिनं धनश्रीच्या हातात दिली. "म्या घेतली," एवढंच म्हणाली.

रानातून आलेल्या गेणबाला धनश्रीनं ती पट्टी दाखवली. तो म्हणाला, "मंग उद्यापास्नं पुन्हा पयला दिस."

"मला न्हाई जमायचं वो. मरंन मी."

"म्या हाय न्हवं." दुसऱ्या दिवसापासून धारा काढायचं सोडून तो दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिला. धारा धनश्रीनं काढल्या. पुढचे आठ दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेले. नकुशी त्याला शिव्या द्यायची, त्याच्या हाताला चावायची. त्यानं हात काढून घेतला नाही.

नव्या मोजणीच्या एकोणिसाव्या दिवशी तिला उठायला उशीर झाला. उन्हं अंगणात आली होती. डोकं दुखत नव्हतं. पण ती हलली नाही; हललं तर सुरू होईल, या भीतीनं तशीच पडून राहिली.

अजूनही महिन्यातून चार-पाच दिवस तिचं डोकं दुखतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी धनश्रीजवळ असते. मागायची वेळ आली की नकुशीचा आवाज कापतो.