एक चमचा तूप

आमच्या गल्लीत हळद असो की बारसं, मी पोहोचल्याशिवाय रंग चढत नाही. शाळेत शिकवते ते पगारासाठी, खरा धंदा नकलांचा. तहसीलमधला जांभया देणारा कारकून, कापसात हात घालून नाक मुरडणारा अडत्या, स्वतःच्या लग्नात बुद्धवंदना चालू असताना घोरलेला माझा नवरा, सगळे माझ्या गळ्यात बिनभाड्यानं राहतात.

मागल्या साली लेक दुसऱ्यांदा दिवस जाऊन माहेरी आली आणि माझं नाटक बंद पडलं.

तिचं पहिलं बाळ गेलं होतं. पोटुशी असताना तिची साखर वाढली, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. बाळ जन्मलं चांगलं थोराड, पण रडलं नाही. या खेपेला साखर सुरुवातीलाच सापडली. दवाखान्यातून बोटाचं रक्त तपासायचं यंत्र आणलं. सकाळी उठून मी सुई टोचायची. ती बोट पुढं करी आणि खिडकीबाहेर बघत बसे. बोट हलत नसे. पापणीसुद्धा नाही. शेजारणीचं बोट उसनं आणून टोचावं तसं.

ताटात पडेल ते ती खाई. नाही पडलं तर मागत नसे. डोहाळे विचारले की म्हणे, "काई नाई, माय."

मलाही काही होत नव्हतं. रडू नाही, भीती नाही. यंत्रावरचा आकडा बघायचा, भाकरी थापायची, शाळेत जायचं. आतून कुणीतरी दिवे मालवून गेलं होतं.

गल्ली मात्र जोरात होती. आमच्याकडं पोटुशी लेक माहेरी आली की एकेक घर तिला जेवायला बोलावतं, आणि नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी वैर. मी आधीच बजावलं होतं, पोरीला साखर चालत नाही. बायांनी ते मनावर घेतलं. पहिल्या घरी खीर आली, बिनसाखरेची. वर तूप इतकं, की शेवया खालून हाका मारत होत्या.

"अवो, इतकं तूप काऊन?" मी विचारलं.

"साखर काढली ना वहिनी," ती घरधनीण म्हणाली. "गोडाची कसर कुठं तरी भरून काढा लागते ना!"

दुसरीनं डिंकाचे लाडू केले, गूळ घालून. "गूळ काई साखर नोहे बाई, गूळ औषधी हाये!" तिसरीनं वरणाला फोडणी दिली की फोडणीला वरण, ते आजतागायत कळलेलं नाही. मागच्या घरापेक्षा आपलं तूप कमी पडलं तर नाक कापलं जाईल, अशी ईर्ष्याच लागली. मीही काही कमी नव्हते. सकाळच्या भाकरीवर लोणी मीच थापत होते. पोरगी गुपचूप सगळं खात होती.

पुढच्या तपासणीला साखर खाली आली नव्हती आणि वजन भलतंच चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून त्यांच्या दखनीत सुनावलं. "अम्मा, शक्कर निकाले, अच्छा किए. मगर उसकी जगा इत्ता घी काय कू भरे? और गूड़ भी शक्करच है."

"मग तूप बंदच करू?"

"नक्को नक्को. एक चम्मच. बच्चे को वो भी होना."

म्हणजे बाळाला तूपही थोडं लागतंच. सोबत भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, जेवणावर थोडं चालणं. इतकं सोपं. अवघड होती ती गल्ली.

म्हणून मी माझं जुनं हत्यार काढलं. संध्याकाळी सगळ्याजणींना अंगणात बोलावलं, पोटाला उशी बांधली आणि बाळाचा बारीक आवाज काढला. "अवो आज्जी! इथं काय चालून राह्यलं? चारी बाजूनं तूप येऊन राह्यलं! पाय टेकवतो तं घसरतो! त्या लाडूवाल्या मावशीले सांगा, जरा दम खाय म्हना!"

बाया हसून लोळल्या. लाडूवाली सगळ्यात जास्त. एकजण पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, पोट दुखलं माझं!"

लेक उंबऱ्यावर अंबाडी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. दार लावलं नाही.

पहिल्या बाळाचा आवाज आम्ही कुणी ऐकलाच नव्हता. मी उशी सोडली. लाडूवालीनं ती माझ्या हातातून घेतली, झटकली आणि खाटेवर ठेवली. बाया एकेक करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवायची बोलावणी थांबली. त्याऐवजी झाकलेली ताटली यायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, घट्ट वरण, एका कोपऱ्यात चमचाभर तूप. कुणाला विचारलं तर म्हणत, "आमच्याकडं आज हेच होतं." हळूहळू आकडा उतरायला लागला. लेकीला दाखवला की ती मान हलवी. मी आवाज काढणं सोडून दिलं होतं.

दिवस भरत आले होते तेव्हाची सकाळ. मी नेहमीसारखी सुई टोचली आणि बोट माझ्या हातातून निसटलं.

"माय वं! हळू टोच ना."

तिनं बोट तोंडात घातलं. दुसरा हात पोटावर होता, तिथं लुगड्याखाली काहीतरी ढुशी देत होतं.

"पुन्हा काढ ना तो," ती म्हणाली.

"काय?"

"याचा आवाज."

मी घसा खाकरला. गळ्यातले सगळे भाडेकरू गावाला गेले होते. शेवटी माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तूप नको म्हनते."

"हट्, असा नोहता," ती म्हणाली, आणि तपासून घ्यायला बोट पुन्हा पुढं केलं. या वेळी डोळे माझ्या हातातल्या सुईवर होते.