जावयाची घोडी

आमच्या भाटव्यांनी, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, अमरावतीत कोचिंग क्लास काढला आणि त्या दिवसापासून त्यांना जगातलं सगळंच शिकवता येऊ लागलं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तीन वर्षांची एक घोडी घेतली आणि अकोटजवळ आमच्या शेतात आणून बांधली. क्लासच्या गुणवंतांची मिरवणूक निघायची होती. सर्वांत पुढे हे महाशय, घोडीवर. पंधरा दिवस उरले होते आणि घोडीच्या पाठीवर तोवर माशीशिवाय कोणी बसलेलं नव्हतं.

तिला तयार करायला आम्ही अकोटचे एक चाचा बोलावले. वरातीच्या घोड्या शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी चार दिवस तिला नुसतं लांब दोरीवर गोल फिरवलं. मग पाठीवर रिकामं पोतं टाकलं. तिने झटकलं, यांनी पुन्हा टाकलं. शेवटी तीच कंटाळली, तेव्हा पोत्यात दोन ओंजळी सरकी पडली. पुढे रोज दोन ओंजळी जास्त.

"मिरवणुकीत पोतं बसणार आहे का?" भाटव्यांनी विचारलं.

"जवाईबापू, पाठ कच्ची हाये तिची. आता घाई कराल तं जलमभर कोनाले बसू देनार नाई."

भाटव्यांनी मोबाईलवर कुण्या परदेशी टोपीवाल्याचा व्हिडिओ दाखवला. तो गडी अर्ध्या तासात स्वार झाला होता. चाचांनी शेवटपर्यंत पाहिला. "घोडी लय समजदार हाये त्याची," एवढंच म्हणाले.

आता आमच्या घरची मर्दुमकी ऐका. आमच्याकडे जावयाला चूक म्हणायची रीत नाही. त्याने चहात मीठ टाकलं तरी सासरा दुसरा कप मागतो. दहाव्या दिवशी चाचा जेवायला गेलेले पाहून भाटव्यांनी खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग करकचून आवळला आणि दोन्ही हातांनी लगाम ओढून वर बसले. वडील, काका आणि मी, तीन मिशीवाले, टाळ्या वाजवत होतो. होय, मीही. घोडी जागच्या जागी थरथरत होती. तोंडातला फेस लाल झाला होता.

"जवाईबापू, उतरा."

आई होती. जावयासमोर आजवर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी.

"उतरा म्हनते ना! मुक्या जनावराचं तोंड फाटून राह्यलं, अन् हे तिघं टाळ्या कुटून राह्यले!"

भाटवे इतके दचकले की लगामच सुटला. घोडी एकदाच उसळली आणि क्लासचे संचालक तुरीत.

चाचा धावत आले. त्यांनी घोडीचं तोंड धुतलं, तंग सोडला, मानेवर हात ठेवून बराच वेळ तिच्याशी बोलत राहिले. मग आम्हा मिशीवाल्यांना ओलांडून थेट आईला म्हणाले, "दोन महिने कोनी बसाचं नाई. चालते का, बाई?"

"चार घ्या."

"आणि माझी मिरवणूक?" तुरीतून आवाज आला.

"अमरावतीत ऑटो काय कमी हायेत?" आई म्हणाली आणि घोडीसाठी बादली भरायला गेली.