ओला सडा

गाडी वेशीतून आत वळली आणि समोर ओला सडा दिसला. 

एखाद्या अंगणात असता तर चाललं असतं. इथे गल्लीभर सडा होता. त्यावर रांगोळ्या. गल्लीच्या टोकाला चार बायका डोक्यावर भरलेले हंडे घेऊन उभ्या, हंड्यांत आंब्याची पानं खोचलेली, आणि त्या जरा हलल्या की पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यांवर सांडत होतं. भर मे महिन्यात. ज्या गावात प्यायला पाणी नाही म्हणून आम्ही मदत मागत होतो, त्याच गावात.

शेजारी बसलेल्या अनघा मॅडम म्हणाल्या, "वा, किती फ्रेश वाटतंय इथे!"

मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे कल्याण कसलं ते कळेल. मी नंदुरबारच्या एका लहानशा संस्थेत फंडरेझिंग बघतो. साध्या भाषेत, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून मागायचं आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवायचं. मागायचीही रीत असते. आधी प्रपोजल लिहायचं, म्हणजे गाव कुठलं, अडचण काय, उपाय काय. ते डोनरला पटलं की त्यांची माणसं गाव बघायला येतात. त्याला फील्ड व्हिजिट म्हणतात. आमच्या धंद्यातलं सगळं या व्हिजिटवर ठरतं. प्रपोजल कितीही झकास असो, त्या दिवशी 'नीड' दिसली पाहिजे. नीड म्हणजे गरज. ती असून भागत नाही, दिसावी लागते.

अनघा मॅडम पुण्याच्या एका कंपनीच्या ट्रस्टकडून आल्या होत्या. बाई सरळ होत्या, हे आधीच सांगतो. पुढे जे झालं त्यात त्यांना खलनायक करायची माझी इच्छा नाही.

गाव नंदुरबार तालुक्याच्या पूर्वेकडचं. तिकडे ढग येतात, तोंड दाखवतात आणि पुढे जातात. त्या वर्षी तेवढंही झालं नव्हतं. गावची विहीर माघातच तळाला गेली. टँकर आला तर आला. आमचं प्रपोजल साधं होतं. विहीर खोल करायची, वर टाकी बांधायची आणि टाकीला लागून एक हाळ. हाळ म्हणजे गुरांना पाणी प्यायचा हौद. हा हाळ प्रपोजलमध्ये आला तो जिजीमुळे.

जिजी म्हणजे गावातली एक विधवा म्हातारी. सगळं गाव तिला जिजी म्हणतं, म्हणून मीही. मुलगा सुरतेला कामाला, त्याचे पैसे येतात तर येतात. घर चालायचं ते एका म्हशीवर. रत्नी तिचं नाव. दोन्ही वेळचं दूध डेअरीला जायचं. टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नाही, तिथे म्हशीला कोण विचारतो? जिजी स्वतःच्या वाटचं पाणी रत्नीला पाजायची. पहिल्या सर्व्हेला गेलो तेव्हाच तिने मला धरलं होतं. "भाऊ, माणूस सांगी तरी देस तहान लागनी म्हनीसन. ती मुकी शे. तिनासाठे हाळ लिखा." म्हणून मी हाळ लिहिला. पाऊस पडेपर्यंत पाण्याची सोय झाली नाही तर रत्नी बाजारात जाणार, हे जिजीलाही माहीत होतं आणि मलाही.

व्हिजिटच्या आधी आमच्या डायरेक्टर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाटील, गाव तयार आहे ना?"

"तयार म्हणजे काय करू सर?"

"म्हणजे तयार करू नका. जसं आहे तसं दिसू द्या."

"तसंच सांगितलंय."

आणि खरंच सांगितलं होतं. जिजीला फोन केला होता, आमच्याच बोलीत. "जिजी, पुन्यानी पाहुनी इ ऱ्हायनी. काहीच करू नका बरं. जसं शे तसं ऱ्हाऊ द्या."

"हां भाऊ. काहीच नही करतस आम्ही."

मी निवांत फोन ठेवला. मी ब्राह्मणपुरीचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. पाहुणा म्हणतो "काही करू नका", घरचे म्हणतात "काहीच करत नाही", आणि तेवढ्यात मागच्या दारी चुलीवर कढई चढलेली असते, हे बघतच मी वाढलो. आमच्याकडे "काही करू नका" या बोलण्याला आजवर कोणी किंमत दिलेली नाही. पण फोन करताना माझ्या डोक्यात प्रपोजल होतं. मी ऑफिसचा माणूस म्हणून बोललो आणि जिजीने ते पाहुण्याच्या तोंडचं बोलणं म्हणून ऐकलं.

तर आम्ही गाडीतून उतरलो. हंडेवाल्या बायका पुढे आल्या. मॅडमच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मॅडमबरोबर फोटो काढायला एक मुलगी होती, तिच्याही पायावर पाणी. मग माझ्या. मी पाय मागे घेत होतो, तर हंडेवाली बाई दटावून म्हणाली, "सरळ उभा ऱ्हा ना भाऊ!" ते पाणी पायावरून मातीत जाताना मी बघत होतो. कोणाच्या घरातलं असेल, कोणाच्या वाटचं असेल, देव जाणे.

मग जिजीचं अंगण. तिथे मात्र मी कपाळावर हात मारून घेतला. रत्नीला धुतलं होतं! नुसतं धुतलं नव्हतं, शिंगांना तेल लावलं होतं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली होती. म्हैस अशी चकाकत होती की फोटोवाली मुलगी धावतच तिच्यापाशी गेली. आणि जिजी नव्या लुगड्यात हात जोडून उभी. "या माय, बठा. बठा भाऊ."

चहा आला. पाण्याचा थेंब नसलेला, निव्वळ दुधाचा, वर जाड साय. म्हणजे त्या दिवशी डेअरीला दूध गेलंच नव्हतं. मॅडमनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतकं चांगलं दूध आम्हाला पुण्यातही मिळत नाही हो."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण त्यांनी आजूबाजूला पाहिलं, ओलं अंगण पाहिलं, म्हैस पाहिली, आणि हातातलं पेन बॅगेत ठेवून दिलं. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. पेन बॅगेत गेलं की काय समजायचं, ते मला समजतं.

अंगणाच्या कडेला पाण्याचं पिंप होतं. निळं, प्लास्टिकचं. त्याच्यावर धुतलेली चादर घडी करून घातली होती, जणू पिंप नव्हे, पाहुण्यांसाठी मांडलेलं टेबलच. आत काय आहे ते मला न बघताही कळत होतं. काही नव्हतं. मी उठलो. म्हटलं, चादर काढतो, झाकण उघडतो आणि म्हणतो, मॅडम, हे बघा, हे गाव असं आहे. सडा तुमच्यासाठी आहे, बाकी हे आहे.

मी चादरीला हात लावला.

"भाऊ," मागून जिजीचा आवाज आला. "चहा ठंडा व्हई ऱ्हायना."

मी वळून पाहिलं. ती हसतच होती, मॅडमना साखर हवी का विचारत होती. पण माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. तिच्याच दारात, तिच्याच पाहुण्यांसमोर मी तिचं रिकामं घर उघडं करायला निघालो होतो. माझ्या आईच्या पिठाच्या रिकाम्या डब्याचं झाकण कोणी चारचौघांत असं उघडलं असतं तर मी त्याला दारात उभा केला असता का?

मी येऊन बसलो. चहा प्यायलो. 

पाहुण्यांची गाडी पुढे गेल्यावर मी गावातल्या कोणाच्या तरी मोटारसायकलवरून येतो म्हणून मागे थांबलो आणि जिजीवर चिडलो. "जिजी, काहीच करू नका सांगितलं होतं ना! आता त्या बाईला कसं पटणार की इथे पाणी नाही?"

जिजीला माझं चिडणंच कळेना. "पाहुनास्ले कोरडा दारमा उभं करू का मी? पुन्याहून येल शेतस त्या."

"अगं, पण त्या पाणी नाही हे बघायलाच आल्या होत्या!"

"मंग तू सांगं व्हतं ना त्यास्ले," ती म्हणाली. "सांगानं काम तुन्हं. आम्हनं काम पाहुनचार."

तिचं काही चुकत होतं का?  मी झाकण उघडून पाहिलं. पिंपाच्या तळाला ओल होती, बस. "आणि उद्या?" मी विचारलं. जिजी म्हणाली, "उद्यानं उद्या दखसूत."

मी सांगायचं काम केलं. लांबलचक मेल लिहिली. सडा का, हंडे का, दूध का, सगळं लिहिलं. अनघा मॅडमनी सरांना फोन केला. सरांनी स्पीकर लावला.

"पाटील सर, तुमची मेल वाचली. मला तुमच्यावर अविश्वास दाखवायचा नाहीये."

"मॅडम, ते पाणी त्यांनी साठवून ठेवलं होतं. तुमच्यासाठी."

"असेलही. पण मी कमिटीपुढे काय ठेवू? फोटो आहेत ते असे. हार घातलेली म्हैस! कमिटी विचारेल, ही दुष्काळातली म्हैस का? दुसऱ्या जिल्ह्यात आम्ही गेलो, तिथे लोक रिकाम्या हंड्यांची रांग लावून बसले होते."

"ती रांग लावलेली असते मॅडम," मी म्हटलं. सरांनी मला हाताने गप्प केलं.

"असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ती दिसते."

फंड दुसऱ्या जिल्ह्यात गेला. त्या लोकांनाही पाणी हवंच होतं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सरांनी आणखी दोन ठिकाणी प्रपोजल पाठवलं. पण ट्रस्टांची कामं सावकाशीची, आणि म्हशीला तहान रोजची.

जिजी मला भेटली ती नंदुरबारच्या बस स्टँडवर. हातात पिशवी, पिशवीतून दाव्याचं टोक बाहेर आलेलं. नुसतं दावं. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "इकी दिधी भाऊ. काय करसू?" आणि लगेच, जणू तो विषय संपला, "पुन्यानी पाहुनी खुश व्हईसन गयी ना? तठे पोचीसन काही बोलनी का?"

काय सांगणार? "खूप खुश झाल्या जिजी," मी म्हटलं. "चहाची फार तारीफ करत होत्या."

तिचं तोंड फुललं. मग जरा थांबून, पदराशी चाळा करत म्हणाली, "त्या पोरनी रत्नीना फोटो काढा व्हता. माले एक भेटी का?"

मी त्याच दिवशी मॅडमना विचारलं. त्यांनी लगेच फोटो पाठवला, वर लिहिलं, "आजींना नमस्कार सांगा." म्हटलं ना, बाई सरळ होत्या.

यातून आमच्या ऑफिसने धडा घेतला. आता व्हिजिट न सांगता करायची, असा नियम आहे. डोनरला आधी कळवायचं, गावाला नाही. सरांना ही पद्धत फार आवडली. परवाच विसरवाडीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर असेच अचानक पाहुणे नेले. आम्हाला बघून एक बाई झटकन घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. द्यायला घोटभर पाणी नसेल, दुसरं काय. डोनरला नीड दिसली. तिथलं काम मंजूर झालं. नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही.

रत्नीचा फोटो मी फ्रेम करून घेतला आणि तिकडे दुसऱ्या कामाला निघालो होतो तेव्हा जिजीकडे देऊन आलो. आता सवयच लागली आहे, तर तिलाही काही कळवलं नाही. अंगण कोरडं ठाक होतं, म्हशीच्या जागी खुंटा होता. जिजी फाटक्या लुगड्यात दारात बसली होती. मला बघून ती घाईने उठली, पदर सारखा केला, अंगणाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. फोटो घेतलाही नाही तिने आधी.

"फोन तरी कराले पाहिजे व्हता ना भाऊ," ती म्हणाली. "दार कोरडं शे."