विझवलेली काडी

सिरिल ग्रिमशॉ आमच्या गिरणीत अडतीस वर्षं विणकर होता; मी तिथली झाडूवाली. ब्याऐंशी साली इंग्लंडमधल्या नेल्सन गावातली ती गिरणी बंद झाली. माग भंगारात जाणार होते, म्हणून मालकांनी विणकरांच्याच हातात घण दिले. सिरिलनं आपले सहा माग फोडले.

पुढच्या रविवारी दुपारी मी गिरणीच्या ऑफिसची फरशी शेवटची पुसत होते. गिरणीत कुणी नाही, असं समजून तो मागच्या दारानं आत शिरला. सुताच्या चिंध्यांवर रॉकेल ओतलं, काडी ओढली. तेवढ्यात माझी बादली खणखणली. त्यानं काडी चिमटीत चिरडली आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"एडा, तू इथं?"

"मग काय राणीच्या महालात असणार?" मी हसले. मग रॉकेलचा वास आला.

"पोलिसांना फोन कर," तो म्हणाला. "नाहीतर मी पुन्हा करीन."

मी केला.

सिरिलचा वकील प्रॉक्टर भला माणूस. त्यानं माझ्यासमोरच सिरिलला समजावलं, "काडी ओढलीच नाही म्हणा. नुसती तयारी हा गुन्ह्याचा प्रयत्न ठरत नाही. ओढली म्हणालात, की प्रयत्नाचा गुन्हा पुरा झाला. मग मागं फिरलात त्याचा फायदा एवढाच, की शिक्षा थोडी हलकी होईल."

"पण मी ओढली होती."

"कुणी पाहिलं?"

सिरिलनं काडीनं भाजून काळी पडलेली बोटं टेबलावर ठेवली. प्रॉक्टरनं फाइल मिटली.

कोर्टात सिरिलनं आग लावण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला. नऊ महिन्यांची कैद झाली.

मी एकदाच तुरुंगात भेटायला गेले.

"कशाला आलीस? तू मेली असतीस."

"तू विझवलीस ना."

"तू बादली आपटली नसतीस तर?"

परतताना बसमध्ये मला भीती वाटली. तोवर मी स्वतःला घाबरू दिलंच नव्हतं.

सुटल्यावर तो दर रविवारी माझ्या दाराशी यायचा. मी साखळी न काढताच फटीतून बघायची. "बरी आहेस ना?" एवढं विचारून तो जायचा. पाचव्या रविवारी पाऊस होता आणि त्याची टोपी निथळत होती.

"ये आत," मी साखळी काढत म्हटलं. "पाय पूस मात्र."