ढग पुसलेली मुलगी

फोनवर तो फोटो आला तेव्हा मी सांबार निवडत बसले होते. पुण्याकडच्या वाचकांनी कोथिंबीर समजावं. फ्रेम, हार, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली कुंदाचं नाव. मी घाबरून चेहरा पाहिला आणि हुश्श म्हटलं... ही आपली कुंदा नव्हेच. गव्हाळ, एकसारख्या रंगाची कोणीतरी दुसरीच बाई. मग डोळे दिसले. आत्ताच कोणाची तरी फिरकी घेतल्यासारखे ते डोळे दुसऱ्या कोणाचे असणं शक्यच नव्हतं. स्टुडिओवाल्यानं तिच्या तोंडावरचं कोड पुसून टाकलं होतं, पार साफ. कुंदाचा चेहरा असा पुसला जायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी तिथे हजर होते. दीड महिना झाला, ते लिहायचं टाळते आहे.

आमची ओळख डी.एड.च्या होस्टेलमधली. मी नागपूरची, ती उमरेडच्या विणकराची पोर. गालावर, हातांवर पांढरे डाग. मेसमध्ये तिच्या शेजारचं ताट रिकामं राहायचं, तिथे मी जाऊन बसले. त्याचा मला पुढे किती वर्षं अभिमान होता म्हणून सांगू! जिथे तिथे सांगत फिरायची. कुंदा मात्र हसण्यावारी न्यायची. उमरेडची एसटी खच्चून भरलेली असली तरी तिच्या बाजूला कोणी बसत नसे. “माया बाजूची सीट पर्मनंट रिझर्व असते वं,” म्हणायची, “तुले पाहिजे तेव्हा ये.”

ती चित्रकलेची बाई झाली, मी मराठीची. पन्नाशी उलटल्यावर तिच्या डोक्यात आलं की लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं, डाग असलेल्या मुलीचं. कोणी बरं होत नाही, कोणाला चमत्कार भेटत नाही. मुलगी नुसती जगते, झोका खेळते, भांडते. शब्द मी लिहिले. ‘माझ्या गालावर ढग उतरलाय. तुझ्या गालावर काय आहे?’ अशी सुरुवात होती. कुंदानं वर्षभर चौदा चित्रं काढली. आरशासमोर बसून स्वतःच्या गालांवरच्या, हातांवरच्या डागांच्या कडा जशाच्या तशा उतरवायची. एक कड चुकली की अख्खं चित्र पुन्हा.

पुस्तक छापायला गेलं. प्रूफ तपासायला नागपुरातल्या सदर भागातल्या प्रेसवर मी एकटीच गेले, कारण कुंदाच्या शाळेत परीक्षा होती. कॉम्प्युटरवरच्या माणसानं कौतुकानं पानं समोर ठेवली. “मॅडम, स्कॅनिंगमध्ये पांढरे पांढरे डाग आले होते चेहऱ्यावर. सगळे साफ करून दिले.” बिचाऱ्यानं रात्रंदिवस खपून चौदाच्या चौदा चित्रांतली मुलगी गुळगुळीत करून ठेवली होती! मी तोंड उघडलं... आणि मिटलं. आता पुन्हा सगळं करायचं म्हणजे महिना जाणार, हा एक विचार. एक मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या की असले चेहरे पाहून मुलं घाबरतील, हा दुसरा. पण ही सगळी मागाहून जुळवलेली कारणं. खरं सांगू? मला तो साफ चेहरा आवडला. तीस वर्षं जिच्या ताटाशेजारी जेवले, तिच्या चेहऱ्यापेक्षा मला तो बरा वाटला. मी प्रत्येक पानावर सही केली आणि रिक्षा केली.

पुस्तक आलं त्या आठवड्यात कुंदाला लकडगंजच्या एका शाळेनं बोलावलं. पार्सल थेट शाळेत पोचलं होतं, तिनं आधी पाहिलंच नव्हतं. मी शेवटच्या बाकावर. एका पोरीनं वाचलं, “माझ्या गालावर ढग उतरलाय,” आणि सगळा वर्ग पुस्तकात ढग शोधायला लागला. “बाई, ढग कुठाय?” पानं उलटली, पुन्हा उलटली. मग पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली आणि कुंदाकडे बोट करून म्हणाली, “या बाईंच्या गालावर आहे!” हसू फुटलं. दोन मुली मागे सरकल्या. कुंदा पुस्तक हातात धरून तशीच उभी.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “कोनं केलं वं हे?”

“प्रेसवाल्यानं.”

“तू गेली होती न्, तुले चित्रांचं प्रूफ नाही दाखवलं?”

“नाही, नुसता मजकूर.”

झालं. तीन शब्द. तिनं लगेच विश्वास ठेवला, हेच तर वाईट. प्रेसवर जाऊन त्या माणसाशी कडाकडा भांडली, त्याला तोंडच उघडू दिलं नाही. मला रोज वाटायचं, आज तो माझी सही काढून दाखवेल. फोन वाजला की आधी नाव बघायची. मग मी तिचे फोन टाळायला लागले. गुडघे, पाहुणे, नातवंडं... माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता.

दिवाळीच्या आधी तिचा फोन मी चुकून उचलला. “शैले, काखेत गाठ आली आहे. दवाखान्यात जायचं आहे, पण एकटीनं नाही जावं वाटत. कोणताही डॉक्टर पाह्य, आधी माये डागच पाह्यते. मलम लिहून देते न् हाकलते. तू सोबत असली तर बोलशीन तरी. येशीन का?” मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर म्हटलं, लग्नं आहेत. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटी ती एकटीच दवाखान्यात गेली, तेव्हा गाठ कॅन्सरची निघाली आणि फार पुढे गेलेली होती.

मागच्या रविवारी उमरेडला गेले. तिच्या वडिलांचा हातमाग जिथे होता त्या खोलीत कुंदा शेवटपर्यंत होती. तिची भाची प्रणाली मला आत घेऊन गेली. पलंगाखाली आमच्या पुस्तकाचे गठ्ठे. तिनं एक प्रत उघडून दाखवली. मुलीच्या गालावर ढग होता! हातांवरही. कुंदानं दाढीच्या ब्लेडनं छापील शाई खरवडून खालचा पांढरा कागद वर काढला होता. चौदाही पानांवर, कडा जशाच्या तशा.

“एका पुस्तकाले दोन दोन दिवस लागत होते,” प्रणाली म्हणाली. “बसवत नव्हतं, तरी करून राहिली होती. मग आम्ही डाग असलेल्या पोरीच्या घरी नेऊन द्यायचो. ही तुमच्यासाठी ठेवली, मावशी.”

पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘शैलीसाठी, आपली खरी प्रत.’

“प्रेसवाल्याले मरेपर्यंत शिव्या देत होती आत्या. माया शैलीनं चित्रांचं प्रूफ पाह्यलं असतं तर हे होऊच दिलं नसतं, म्हणे.”

“पाहिलं होतं,” मी म्हटलं. “सही माझीच आहे.”

प्रणालीनं विचारलं,

“आत्याले माहीत होतं?”

“नाही.”

तिनं माझ्या हातातली प्रत हळूच काढून घेतली आणि गठ्ठ्यावर ठेवली. “ही राहू द्या, मावशी. कोण्या पोरीच्या कामी येईन.” मग आत जाता जाता म्हणाली, “चहा ठेवते. पिऊनच जा.”

मी चहा घेतला. प्रत मागायला तोंड उघडलं नाही.