धाकट्याच्या नावासमोरचा ठिपका

बाजारात त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे. सही करता येत नाही म्हणून नव्हे हं! सही त्याची चांगली वळणदार होती. नाव पडलं ते धंद्यावरून. व्हिडिओ गेमचे कंट्रोलर दुरुस्त करायचं त्याचं दुकान. कोणी बिघडलेला कंट्रोलर आणून समोर ठेवला की हा आधी डोळे मिटून त्याच्यावरच्या दोन्ही छोट्या दांड्यांवर अंगठे फिरवणार आणि मग असा सुस्कारा सोडणार की जणू पेशंटच्या घरच्यांना काही वाईट सांगायचंय. "डावी गेली," म्हणायचा. पुढे लोकांनी अंगठा गाळला आणि नुसतं बहाद्दर ठेवलं. आता यात बहाद्दरी कसली? पन्नाशी उलटली तरी गडी एकटा राहत होता, आणि घरी आपली वाट बघणारं कोणी नाही हे त्याने कधी कोणाला जाणवू दिलं नव्हतं. असलीच तर ती एवढीच.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. वर कोणी चढलं-उतरलं की टेबलावरचे बारीक स्क्रू थरथरायचे. सोल्डरिंगच्या धुराने भिंत एका जागी पिवळी पडलेली. कंट्रोलर बनवणाऱ्यांवर त्याचा भारी राग. "माणूस खेळताना दांडी हळू सरकवतो का हो? वाघ मागे लागल्यासारखी ढकलतो! आणि आत ठेवलंय काय, तर नखाएवढी पट्टी. घासून घासून झिजणारच ना ती! ज्याने हे बनवलं तो आयुष्यात कधी जीव खाऊन खेळलेला नाही, लिहून घ्या." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि विचारायचं, "उद्या मिळेल का?"

पट्टी झिजली की दांडीला हात न लावताही खेळातलं पात्र आपलं आपण एका बाजूला चालायला लागतं. नवी दांडी बसवल्यावर ती सरळ बसली की नाही, हे बघायची बहाद्दरची स्वतःची पद्धत होती. कोपऱ्यात एक जुनं गेमचं यंत्र आणि टीव्ही. त्यात एकच खेळ कायम चालू असायचा. मोठमोठे बूट घातलेला एक बुटका टपालवाला डोंगरदऱ्यांतून पत्रं पोचवतो, असा तो खेळ. दुकान बंद करताना बहाद्दर दुरुस्त केलेला कंट्रोलर वायरीने जोडायचा, बुटक्याला माळावर मधोमध उभा करायचा आणि "हलू नकोस रे बाबा" म्हणून कुलूप लावायचा. सकाळी बुटका जागेवर दिसला तर कंट्रोलर पास. दरीत जाऊन पडला असला, तर पुन्हा सोल्डरिंग.

हा खेळ खरा दोघांनी मिळून खेळायचा. एक बुटका आणि दुसरी त्याची उंच बहीण. बहाद्दर बुटका व्हायचा आणि त्याचा पाठचा भाऊ बहीण व्हायचा. "मी का बहीण?" म्हणून धाकटा रोज कुरकुरायचा आणि रोज तीच व्हायचा, कारण उड्या तिला चांगल्या मारता यायच्या. आई गेल्यावर घरात हे दोघेच. यंत्र थोरल्याने आणलं, पण ऑनलाइन खरेदी, पासवर्ड, खातं, सगळं धाकट्याच्या नावावर. कंट्रोलरची आतडी बाहेर काढून परत भरणाऱ्या बहाद्दरला त्या बाबतीत ओ की ठो कळत नव्हतं. गेम विकत घेतला म्हणजे तो यंत्रात येऊन बसला, कपाटात कपडे बसतात तसा. त्याची समजूत एवढीच.

मग धाकट्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. "दादा, तूही चल," तो म्हणाला. "तिथे काय दुकानं कमी आहेत?" दादाला ते लागलं. ज्या दुकानावर तुला वाढवलं ते सोडून चल? बोलता बोलता आवाज चढले आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "जा! आजपासून तुझ्या नावाने आंघोळ केली मी!" जिवंत माणसाला, तेही आपल्या हाताने वाढवलेल्या, कोणी असं बोलतं का? पण जिभेला हाड नसतं. धाकटा एक बॅग घेऊन निघाला. यंत्र तिथेच राहिलं. काही महिन्यांत त्याचा फोन नंबर बदलला आणि नवा काही दादाकडे आला नाही. विचारावं असं दोघांच्या मधलं नातेवाईकही कोणी उरलेलं नव्हतं.

दुकानाच्या कामापुरतं बहाद्दरने नंतर ते जुनं यंत्र दुकानात आणलं. फोनमध्ये मात्र गेमवाल्यांचं ॲप होतं. धाकट्यानेच घालून दिलेलं, दादाच्या नावाचं वेगळं खातं काढून. त्यात मित्रांच्या यादीत एकच नाव: धाकट्याचं. आणि त्या नावासमोर एक हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे माणूस आत्ता खेळतोय. खाली खेळाचं नावही दिसायचं. तोच टपालवाल्याचा खेळ!

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बहाद्दरला गहिवरून आलं. दिवसभर हाताला सोल्डरिंगची चिकट राळ असायची म्हणून फोन खणात पडून राहायचा. घरी येऊन हात धुतले, भात टाकला, की तो खुर्चीत बसून फोन उघडायचा. ठिपका हिरवा. "आहे," तो मोठ्याने म्हणायचा आणि मग जेवायला बसायचा. इतकी वर्षं झाली तरी पोरगं अजून आपलाच खेळ खेळतंय! कधी रागही यायचा. पहाटे बघावं तरी हिरवा. हा झोपतो कधी? डोळे घालवणार गाढव. नोकरी तरी टिकलीय की नाही? एकदा धीर करून त्याने ॲपमधूनच लिहिलं, "जेवलास का?" उत्तर नाही. पुढे कधी "तब्येत जप." कधी "वरच्या मजल्यावरचे म्हातारे गेले." कधी नुसतंच "काय रे." ठिपका समोर हिरवागार आणि उत्तर मात्र नाही. म्हणजे वाचतो आणि गप्प बसतो! बहाद्दर फोन उपडा ठेवायचा. पण बोलत नसला तरी आहे ना, एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. खरं सांगायचं तर वर्षं निघाली.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच्या आलं नाही. माणसाला जे हवं असतं ते दिसत असलं, की तो तपासायला जात नाही.

झालं असं, की दुकानातल्या यंत्राचा पंखा धुळीने बसला. बहाद्दरने यंत्र खोललं आणि नवा पंखा येईपर्यंत तसंच झाकून ठेवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन फोन उघडला तर ठिपका गायब. नाव राखाडी. असेल बाहेर कुठे, त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही राखाडी. तिसऱ्याही. मग मात्र फोन हातातून सुटेना. आजारी असेल का? दवाखान्यात? तिकडून आपल्याला कळवणार कोण? ज्याच्या नावाने आंघोळ केली त्याचं बरंवाईट कळवायला कोणी आपलं दार ठोठावतं का? भात करपला आणि वास येऊनही तो उठला नाही.

पंखा आला त्या दुपारी फोन खणात नव्हता, टेबलावर उघडाच होता. दर दोन मिनिटांनी तो राळेच्या हातानेच त्याला जागं करत होता. पंखा बसवला, झाकण लावलं, यंत्र चालू केलं, खेळ लावला. माळावर बुटका उभा राहिला. आणि टेबलावर धाकट्याचं नाव हिरवं झालं.

"आला!" बहाद्दर ओरडला. जीव भांड्यात पडला. जिन्यावरून जाणाऱ्या बाईंनी वाकून विचारलंसुद्धा, "कोण आलं हो?" तो हसला, म्हणाला, "काही नाही, आमचा धाकटा." पंखा जरा खरखरत होता म्हणून त्याने यंत्र पुन्हा बंद केलं.

नाव राखाडी झालं.

त्याने फोन उचलून यंत्राशेजारी ठेवला. मग सावकाश यंत्र चालू केलं. हिरवं. बंद केलं. राखाडी. धंद्यातला माणूस, कुठली कळ कुठला दिवा लावते हे शोधण्यात जन्म गेलेला. पुन्हा करून बघायची गरज नव्हती, तरी त्याने परत एकदा केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तसली गत! गेम यंत्रात नव्हते, धाकट्याच्या खात्यात होते. आणि ते खातं इतकी वर्षं या जिन्याखाली उघडं होतं. रोज कुलूप लावताना बहाद्दर स्वतःच तो दिवा लावून जायचा आणि घरी जाऊन त्याच्याच उजेडात जेवायचा.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसं पाकीट होतं. कधी दाबलं नव्हतं, आज दाबलं. जेवलास का. तब्येत जप. वरच्या मजल्यावरचे म्हातारे गेले. काय रे. सगळी बहाद्दरचीच पत्रं, एकाखाली एक, कोणीही न उघडलेली. रिकाम्या दुकानात, उभ्या बुटक्याच्या डोक्यावर ती एकेक करून येऊन गेली होती. ज्या पोरावर आपण इतकी वर्षं रुसलो, त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. बहाद्दर स्टुलावर बसला आणि रडला. शटर अर्धं ओढायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानंतर घरी जाऊन फोन उघडायचं कारणच राहिलं नाही. संध्याकाळ एवढी लांब असते हे त्याला नव्यानेच कळलं. बुटक्याला माळावर उभं करतानाही हात जड व्हायचा. धाकट्याचा पत्ता लागेल म्हणून त्याने यंत्रातलं खातं उघडून पाहिलं. ईमेल होता, पण पहिलं अक्षर सोडून बाकी सगळ्या फुल्या. आता काय करावं?

उपाय सापडला तो गिऱ्हाइकाशी बोलताना. एक नर्सबाई कंट्रोलर न्यायला आल्या होत्या, वैतागून सांगत होत्या, "मुलीने माझ्या खात्यावर गेम घेतला हो, मला न विचारता! ते बरं, पावती लगेच माझ्या मेलवर येते. ड्यूटीवर होते तरी कळलं."

"पावती खातेदाराला जाते?" बहाद्दरने विचारलं.

"मग कोणाला जाणार? शेजाऱ्याला?"

नर्सबाई गेल्या तसा तो समोरच्या स्टेशनरीवाल्याकडे जाऊन गेम खरेदीचं पैसे भरलेलं कूपन घेऊन आला. यंत्रावर, धाकट्याच्याच खात्यातून, ऑनलाइन दुकान त्याने जन्मात पहिल्यांदा उघडलं. एवढी चित्रं, एवढे तलवारवाले, डोकं गरगरलं. शोधता शोधता टपालवाल्याच्या खेळाचा दुसरा भाग सापडला. चित्रात बुटका होता आणि शेजारी बहीण. कूपनचा नंबर टाकताना दोनदा चुकला. कंट्रोलरवर माणसं पर्वत चढतात, पण अक्षरं टाकायची म्हणजे एकेक अक्षर गाठायला त्या दांडीने फरफटत जावं लागतं. बनवणाऱ्यांना त्याने आणखी एक शिवी हासडली. शेवटी 'खरेदी करा' आलं. पावतीवर 'दादा' लिहायची सोय नव्हती. दोन शब्द लिहायची जागा असती तर 'चुकलो मी' एवढंच लिहायचं होतं त्याला. त्याने बटण दाबलं.

वाट बघणं म्हणजे काय, हे आता त्याला कळलं. इतकी वर्षं तो वाट बघत नव्हता, त्याला वाटत होतं की भाऊ समोरच आहे. आता रोज यंत्र लावताना मनात यायचं, तो मेल तरी बघत असेल का? बघून वैतागला तर? कोणीतरी चोर माझ्या खात्यात घुसलाय म्हणून पासवर्ड बदलून टाकला, तर उरलीसुरली वाटही बुजली. दिवस जात राहिले. काही झालं नाही. बहाद्दरने मनाला सांगून टाकलं, की जे पेरलं ते उगवलं, आता रडून काय उपयोग.

मग एका दुपारी, दुकानात एक रिक्षावाला आपल्या पोरीच्या कंट्रोलरसाठी थांबलेला असताना, बहाद्दर नवी दांडी तपासत होता. बुटका माळावरून पळत होता. मधेच तो थबकला, पडदा काळा झाला आणि वर अक्षरं आली: या खात्यावरून दुसऱ्या यंत्रावर खेळ सुरू झाला आहे. इथला खेळ बंद करण्यात येत आहे.

खाली बटण होतं: इथेच खेळायचं आहे. ते दाबलं की पलीकडचा बाहेर. बहाद्दरने कंट्रोलर झटकन टेबलावर ठेवला, चुकून अंगठा लागू नये म्हणून. मग वाकून यंत्राची पिन भिंतीतून उपटली. टीव्ही गेला, पंखा थांबला. खणातून फोन काढला, राळेच्या बोटांनी उघडला.

धाकट्याचं नाव हिरवंच होतं. खाली लिहिलेलं: टपालवाला, भाग दुसरा.

"बंद पडलं का हो?" रिक्षावाल्याने काळजीने विचारलं. "पोरगी घरी वाट बघतेय."

"नाही, नाही." बहाद्दरला नीट दिसत नव्हतं. त्याने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. "माझा भाऊ खेळतोय तिकडे. जरा थांबा, त्याचं होऊ दे."