हंसाबाईचं कोहळं

उमरखेडजवळच्या एका गावात, अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात, पुंडलिकरावानं घरामागच्या वाडीत कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, एकच बी टोचली. पुसदच्या बाजारात देणाऱ्यानं सांगितलं होतं, याचं फळ उचलायला दोन गडी लागतात. वेल फळली, अन् पोळ्यानंतर आठव्या दिवशी पुंडलिकराव काविळीनं गेला. पोरबाळ नव्हतं. मागं राहिली हंसाबाई, आणि वेलीवर नारळाएवढं कोहळं.

"बाकीचे खुडून टाक, एकच ठेव," असं तो अंथरुणावरून सांगायचा. तिनं तसंच केलं. पानांवर लाल किडे बसत, म्हणून सकाळी दव असतानाच राख भुरभुरायची. माशीनं डंख मारू नये म्हणून फळावर जुनं लुगडं पांघरायचं. खालचं गवत ओलं झालं की बदलायचं. उघाडीत पाणी बेतानंच. एकदम पाजलं तर फळ तडकतं.

दसऱ्यापर्यंत कोहळं तिच्या कवेत मावेना. मग तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी खाली हात घातला तर बोट आत रुतलं.

लगेच फोडायला हवं होतं. पण कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, ही गावाची रीत. ती दिराकडे, उकंडाकडे गेली.

"भाऊजी, कोहळं सडून राह्यलं. एक घाव घालून द्या."

"येतो ना वहिनी. घाई कायले करता?"

दोन दिवस तो आला नाही. ती पुन्हा गेली, तेव्हा ओट्यावरूनच बोलला, "वाडी माह्या नावानं करून द्या. मंग पाहू."

हंसाबाई घरी आली. नवऱ्याची कुऱ्हाड काढली. पहिला घाव सालीवरून घसरला. दुसऱ्यानं कोहळं उकललं. खालचं अर्धं काळं पाणी झालं होतं, अळ्या वळवळत होत्या. वरचं हळदीसारखं पिवळं होतं. तेवढ्या फोडी टोपल्यात घेऊन ती घरोघर गेली.

"तुया हातानं फोडलं? मले नको बाई."

शेजारच्या सोनीबाईनं तेवढी एक फोड घेतली. संध्याकाळी ती फोड तिच्या गाईपुढं पडलेली हंसाबाईला दिसली.

तिनं एकटीनं भाजी केली. गोड निघाली. तीन दिवस तीच खाल्ली. चौथ्या दिवशी उरलेल्या फोडींना बुरशी आली.

पुन्हा वेल लावायची नाही असं ठरवून माघात तिनं वाडी उकंडाला देऊन टाकली. त्यानं तिथं गोठा बांधला.